स्रोत: अज्ञात

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे हिवाळा.
ओल्या लाकडाचा धूर फटींतून आत येतो
आणि वॉर्डाच्या पडद्यांना चिकटून राहतो.

पलंग अकरा. नोल्बेर्तो कात्रिलेओ, एकसष्ट,
नदीकाठी होड्या बांधणारा.
मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी,
उजवा हात चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा,
आणि बोलणं गेलेलं.

बोलणं परत आणायचं, ही माझी नोकरी.
पण आधी गिळणं. चमचाभर घट्ट केलेलं पाणी,
गळ्यावर माझी दोन बोटं:
कंठ वर चढतो का, चढला तर उतरतो का,
नंतरचा आवाज ओला तर नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला ‘रेमो’ म्हणायचं होतं.
रेमो म्हणजे वल्हं.
आधी नुसता ‘ओ’. मग ओठ मिटून ‘मो’.
मी वीतभर अंतरावर वाकले होते,
मास्क हनुवटीवर ओढून,
कारण ओठ दिसल्याशिवाय शब्द हाती कसा लागणार?

त्या संध्याकाळी घसा खवखवला.
धुराने असेल, म्हटलं. लिंबू, मध, गरम पाणी.
सकाळी कामावर हजर.

चौथ्या दिवशी अख्खा आला: रे. मो.
एर्मिंदाबाई हसल्या, आणि मग बराच वेळ
पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या.
डॉक्टर ओर्मेन्यो म्हणाले, तीन महिन्यांनी दोन.
आमच्याकडे शून्य ते सहा मोजतात.
शून्य, जणू काही झालंच नाही.
दोन, आपलं आपण करता येतं, पण जुनं सगळं नाही.
सहाचा अर्थ कुणी सांगत बसत नाही.

सहाव्या दिवशी पहाटे ताप.
नाकातला नमुना. इन्फ्लुएंझा ए: होय.
दारावर लाल कागद, पिवळे गाऊन,
एर्मिंदाबाई काचेच्या बाहेर,
हात हलवायचा की नाही, या विचारात.
व्यायाम बंद. माझे धडे बंद.
मग छाती भरली, नाकातून नळी आली,
सावरत आलेला मेंदू तापात पुन्हा बसला,
रंग ओला असतानाच पाण्यात लोटलेल्या होडीसारखा.

यास्ना, रात्रपाळीची नर्स, तीही खोकत होती.
नातू आला होता पाचव्या दिवशी, शेंबडा,
आजोबांच्या गालाला गाल लावून गेला.
पलीकडच्या पलंगावरही कुणी शिंकलं असेल.
मी ही नावं मनात पुन्हापुन्हा फिरवते
आणि प्रत्येक वेळी स्वतःपाशी येऊन अडते.
माझा नमुना मी दिलाच नाही.
आठवडा उलटल्यावर विचारणारं कुणी नव्हतं.

नोंदवहीत रकाने आहेत:
झटक्याची तीव्रता. विषाणू, होय किंवा नाही.
दाखल असताना की आधी. स्रोत.
तिथे कारकुनाने लिहिलं, अज्ञात.
अक्षर सुंदर आहे त्याचं.

तो वाचला. हे आधी सांगायला हवं होतं.
बत्तीस दिवसांनी घरी गेला, खुर्चीतून, चारवर.
वर्षाच्या अहवालात असे बरेच असतील,
विषाणू होय, आणि दोनच्या जागी चार,
तक्त्यातली एक पट्टी थोडी उंच.
ताप नसता आला तरी चारच झाले असते का?
डॉक्टर म्हणतात, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही.
खरंच आहे. शंभरांबद्दल येतं.

ऑक्टोबरात एर्मिंदाबाई त्याला घेऊन आल्या.
अंगात लोकरीचा तपकिरी स्वेटर, दाढी नीट केलेली.
मी चित्र धरलं: वल्हं.
तो चित्राकडे बघेना.
डावा हात सावकाश उचलून
त्याने माझ्या मास्ककडे बोट केलं,
खाली, अशी खूण केली,
आणि स्वतःचे ओठ मिटून वाट बघत बसला.